भिंगारदिवे साहेबांचा पाय

काशिनाथ भिंगारदिवे आमचे कालवा निरीक्षक होते. त्यांच्याविषयी श्रीगोंद्याच्या बाजूला तेव्हा निरनिराळी मतं होती. कुणी म्हणे खडूस माणूस, कुणी म्हणे देवमाणूस, कुणी म्हणे पक्का आतल्या गाठीचा. मी त्यांच्या हाताखाली मोजणीदार होतो. कालव्याच्या पाण्यावर कुणी किती रान भिजवलं ते मोजायचं, हे माझं काम. शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचो, रोज त्यांच्याबरोबर फिरायचो. तरी मला कुणी विचारलं असतं तर मी तिन्ही मतांना मान डोलावली असती. आज इतक्या वर्षांनीही त्यांच्याबद्दल ठामपणे काही सांगता येईल असं मला वाटत नाही. जे पाहिलं तेवढं सांगतो.

उंच, हडकुळा माणूस. खाकी पँट, पांढरा शर्ट, डोक्यावर जुनी सोला हॅट. ती हॅट आधीच्या निरीक्षकांनी जाताना मागं ठेवलेली, यांच्या डोक्याला जरा मोठीच. त्यामुळे मान हलवली की हॅट मागून हलायची. ओठात बिडी. एक विझायच्या आत दुसरी. बोलणं फार कमी. शेतकरी तावातावानं काही सांगायला लागला, की शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "मी काही बोललो का?" हे वाक्य ते रागावूनही म्हणत, समजूत घालतानाही म्हणत आणि थट्टेतही म्हणत. चेहरा तिन्ही वेळा सारखाच. समोरचा माणूस बिचारा डोकं खाजवत परत जायचा.

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सुलोचनावहिनींची शिवणाची मशीन. भागातले बहुतेक बागाईतदार जुन्या घरंदाज कुळांतले. तोंडावर ते "साहेब, साहेब" करत; पाठ वळली की काय बोलत, ते मी बागाईतदारांच्याच जातीचा असल्यामुळे माझ्या कानावर यायचं. भिंगारदिव्यांच्या कानावर येत होतं की नाही, मला कधी कळलं नाही. त्यांनी त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही.

चालणं मात्र विलक्षण. त्यांच्याबरोबर कालव्याच्या भरावावरून निघायचं म्हणजे शिक्षाच. मी जवळजवळ पळत असे. खात्यानं दिलेली सायकल त्यांनी पाटाची दारं सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला देऊन टाकली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "सायकलवर माणूस समोर बघतो, पठारे. आपल्याला बाजूला बघायचं असतं."

हे असं चालणारा माणूस एकाएकी थांबायला लागला, तिथून सगळा घोळ सुरू झाला.

बाहत्तरचं ते साल. पावसानं दडी मारलेली, धरणात तळाचं पाणी. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटायचं ते लिंबोणीच्या बागा कशाबशा जगतील एवढंच. प्रत्येकाच्या पाळीचा वार आणि वेळ ठरवून दिलेली. रानोमाळ खडी फोडायची कामं निघालेली आणि कालव्याकाठी एकेका बादलीवरून भांडणं. अशा दिवसांत एकदा आम्ही भरावावरून चाललो होतो आणि भिंगारदिवे मध्येच उभे राहिले. हात पाठीमागे, नजर खालच्या लिंबोणीच्या बागेवर. बिडी पेटवली. बराच वेळ काही न बोलता उभे. मग पुन्हा निघाले. थोडं पुढं गेलो तर पुन्हा थांबले. तिथं एक रिकामं, पेंढा पडलेलं रान होतं. त्याच्याकडेही तसंच टक लावून बघत राहिले.

"काय साहेब?" मी विचारलं.

"काही नाही. बघतोय."

मला वाटलं, पाणीचोरीचा माग काढताहेत. मीही डोळे ताणून त्या रिकाम्या रानात काय दिसतंय ते शोधायला लागलो. काही दिसेना. आपल्यालाच कळत नाही असं समजून गप्प बसलो.

चार-आठ दिवसांनी आम्ही बापूराव गायकवाडांच्या बागेवर असेच उभे होतो. बापूराव म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. जाड मिशा, तलम धोतर, बागेत विहीर, दारात बैल. ते खाली झाडांना आळी करत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं. साहेब उभे. पुन्हा खाली वाकले, पुन्हा पाहिलं. साहेब तसेच, ढिम्म. तिसऱ्यांदा पाहिलं आणि बापूरावांनी खोरं टाकलं. चढ चढून धापा टाकत वर आले.

"साहेब, काढतो. आजच्या आज काढतो."

भिंगारदिवे त्यांच्याकडे बघत राहिले.

"चूक झाली. झाडं वाळाया लागली म्हून टाकला हो पाईप. भरावाच्या खालनं हाय, पर लई न्हाई घेतलं पानी. पोरांच्या गळ्याची आण."

"मी काही बोललो का?" भिंगारदिवे म्हणाले.

"तेच तर ना साहेब! तुमी बोलत न्हाई आन् नुसतं बघत उभं ऱ्हाता. दोन दिस झालं, भाकर गोड लागंना मला."

मी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि एक गोष्ट मला तेव्हा स्वच्छ दिसली: त्यांना त्या पाईपाची काहीही कल्पना नव्हती. ते बापूरावांइतकेच गोंधळले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "काढा मग," आणि चालायला लागले. चाल जरा लंगडी होती. तेही मला दिसलं, पण त्याचा अर्थ लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

ही बातमी कालव्याच्या दोन्ही अंगांना पसरली. भिंगारदिवे साहेबाला जमिनीखालचं दिसतं! त्यानंतर ते जिथं थांबतील तिथला माणूस आपण होऊन वर यायचा. कुणी रात्री चोरून पाटाचं दार फिरवल्याचं कबूल करायचा, कुणी शेजाऱ्याचं नाव सांगायचा. एकानं तर भावाच्या वाटणीचा बांध कोरल्याचं सांगून टाकलं. त्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता. साहेब ऐकून घ्यायचे. पोरीचं लग्न मोडलं, बैल गेला, थोरला पोरगा मुंबईला निघून गेला, हेही ऐकून घ्यायचे. ज्यांनी त्यांना आयुष्यात ओसरीवर बोलावलं नसतं, ते धावत चहाची किटली घेऊन भरावावर यायचे. साहेब चहा घेत नसत. त्यावरून आणखी गोंधळ. चहा घेत नाही म्हणजे याला काहीतरी मोठं हवं असणार, असं लोक म्हणायला लागले. "गडी थांबतो कशापायी? खायाला बघतुय," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. ते बोलणारा माणूसच आदल्या दिवशी साहेबांना देवमाणूस म्हणत होता.

होता होता ही कुजबुज आमच्या वरच्या डेप्युटी इंजिनिअर साहेबांपर्यंत गेली. त्यांनी भिंगारदिव्यांना बोलावून विचारलं, "तुम्ही शेतकऱ्यांच्या रानावर जाऊन तासन्‌तास उभे का राहता?"

"पाहणी करतो, साहेब."

"पाहणी चालता चालता होत नाही? पूर्वी तर तुम्ही वाऱ्यासारखे जायचात."

भिंगारदिवे आपल्या बुटांकडे बघत राहिले. मी दारात उभा होतो. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं, असं मला नंतर वाटलं. पण तेव्हा ते वाक्य कोणतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

ते कळलं उन्हाळ्यात. दुपारची वेळ, भराव तव्यासारखा तापलेला. एका मोरीच्या कठड्यावर ते मटकन बसले. डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडलेलं. मी घाबरून बघतच राहिलो.

"हात लाव," ते म्हणाले.

मी जरा थबकलो. का थबकलो ते त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. त्यांनीच माझा हात धरला आणि पावलावर ठेवला. त्या तसल्या उन्हात ते पाऊल माठासारखं गार होतं. दुसऱ्या पायावर ठेवला. तो चांगला गरम. एकाच माणसाचे दोन पाय, आणि दोन वेगळ्या माणसांचे असावेत तसे.

"चाललं की पोटरी आवळून येते. कुणीतरी पिळा घालतंय असं होतं. थोडा उभा राहिलो की जातं. पुन्हा चाललं की पुन्हा."

"म्हणून थांबता?"

"मग काय, रस्त्यात लंगडत बसू? लोक बघतात. काहीतरी बघितल्यासारखं करतो."

"अहो, मग डेप्युटी साहेबांना सांगितलं का नाही?"

त्यांनी मोजा चढवला, बूट घातला. "लंगडा कालवा निरीक्षक कोण ठेवील, पठारे? टेबलावर बसवतील, नाहीतर घरी पाठवतील. माझ्या बापानं या लोकांच्या रानात उभं राहायची सोय नव्हती. मी या भरावावरून चालतोय, ते त्यांच्याच डोळ्यांदेखत." एवढंच बोलले. त्यांच्या तोंडून या विषयावर मी ऐकलेलं ते पहिलं आणि शेवटचं.

वहिनींना वाटत होतं वात आहे. रोज तेल लावून चोळत होत्या. वैद्यांनी काढे दिले, एका हाडवैद्यानं पाय ओढून पाहिला. शेवटी वहिनींनी रडून-भांडून त्यांना नगरला नेलं. मीही बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवली, घोट्याच्या मागं ठेवली, गुडघ्याच्या खोबणीत ठेवली आणि म्हणाले, "या पायाला नाडी नाही."

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, मी साहेबांकडे. नाडी हाताला असते एवढंच आम्हा तिघांना माहीत. पायाला नाडी असते आणि ती हरवूही शकते, हे ऐकून आम्ही अगदी खुळ्यासारखे बसलो.

डॉक्टरांनी समजावलं. मांडीतली रक्ताची मुख्य नळी आतून बुजत चालली आहे. बिड्यांनी. रक्त खाली पोचत नाही, म्हणून पोटरी दुखते, म्हणून बोट काळं पडतंय. हे वाढलं तर पाय कापावा लागेल. पुण्याला जा.

पुण्यात वेगळाच घोळ. तिथल्या थोरल्या सर्जननी सांगितलं, पोट उघडून कमरेजवळची मज्जातंतूची एक नस कापू, म्हणजे पायातल्या रक्ताच्या नळ्या सैल पडतील. उपयोग झाला तर झाला, नाहीतर पाय गुडघ्याच्या वरून काढू. त्याच दवाखान्यात जर्मनीत शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता. गोरापान, बारीक, बोलताना सारखा चष्मा पुसायचा. त्यानं बाहेरच्या बाकावर साहेबांच्या शेजारी बसून सांगितलं, "मी कापणार नाही. जांघेत एक सुई घालीन. सुईतून तार, तारेवरून बारीक नळी, त्यावरून जरा जाड नळी. बुजलेली जागा आतून रुंद करायची. टाके नाहीत, भूल नाही. तुम्ही जागे असाल."

साहेब ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे गाळ काढणार?"

"काढणार नाही. बाजूला दाबून बसवणार."

"गाळ आतच राहणार?"

"हो."

"मग पुन्हा वाहून मध्ये नाही यायचा?"

डॉक्टरनं चष्मा पुसला. "येऊ शकतो. किती दिवस टिकेल, मी सांगू शकत नाही. एखादा तुकडा सुटून खाली जाऊन अडकला, तर पाय आजच जाईल. बाहेर हे पुष्कळ करतात. इथं मी थोडेच केले आहेत."

थोरले सर्जन म्हणत होते, हा पोरखेळ आहे, मला सगळं माहीत आहे. तरुण म्हणत होता, करून पाहू. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "दोघंबी डॉक्टरच ना? मग एक व्हय म्हनतो आन् एक न्हाई म्हनतो, आमी कुनाचं ऐकावं?" त्या मलाच विचारत होत्या. मी काय सांगणार? दोघांचंही बोलणं मला पटत होतं.

साहेब उठून व्हरांड्यात गेले. खिशातून बिडी काढली, बघितली, खाली टाकली आणि बुटानं चिरडली. परत येऊन त्या तरुण डॉक्टरला म्हणाले, "तुम्ही माहीत नाही म्हणालात. ते म्हणाले, सगळं माहीत आहे. तुम्हीच करा."

हे कारण मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. आपला पाय माणूस असल्या कारणावर कुणाच्या हाती देतो का? पण दिला.

आत काय झालं ते मला त्यांच्याच तोंडून कळलं, तेही तुटक तुटक. खोलीत अंधार केला होता. क्ष-किरणांचा एक हिरवट पडदा, त्यावर त्यांच्याच मांडीचं हाड. सुई टोचताना जेवढं दुखलं तेवढंच. मग औषध सोडलं आणि सगळ्या पायात कढत पाणी ओतल्यासारखं झालं. पडद्यावर त्या औषधाची एक काळी रेघ वरून आली आणि मध्येच संपली. डॉक्टरनं तार सरकवली. तार अडली. मागं घेतली, पुन्हा सरकवली, पुन्हा अडली. "मला वाटलं, आता हा सोडून देणार," साहेब म्हणाले. "मी त्याच्याकडं नुसता बघत होतो. तो घामाघूम. मला म्हणाला, काका, असं बघू नका हो. मी म्हटलं, मी काही बोललो का?"

तेवढ्यात तार पलीकडे गेली.

बाहेर आणलं तेव्हा रक्त येऊ नये म्हणून जांघेवर वाळूची पिशवी ठेवलेली, आणि हलायचं नाही अशी ताकीद. वहिनींनी आधी पायावरची चादर सारली आणि पाऊल हातात घेतलं. दोन-तीनदा चाचपून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "भावजी, बघा बरं. मला तर ऊन लागतंय, का माझाच हात गार पडलाय?"

मी हात ठेवला. गरम होतं. नुसतं गरम नाही, दुसऱ्या पायापेक्षाही जास्त. डॉक्टर आला, पावलावर बोटं ठेवून उभा राहिला आणि हसला. लहान पोरासारखा हसला. त्यानं वहिनींची बोटं धरून तिथं टेकवली. "लागतंय? टिकटिक?" वहिनींनी मान हलवली आणि हमसून हमसून रडायला लागल्या. साहेब वर बघत पडले होते. म्हणाले, "दुसऱ्याच कुणाचा तरी पाय लावल्यासारखा वाटतोय."

काळं बोट पुढं हळूहळू सुधारलं. नख गेलं, बोट राहिलं.

खरी पंचाईत परत आल्यावर झाली. साहेबांचं पुण्याला मोठं ऑपरेशन झालं, पाय कापता कापता वाचला, अशी बातमी आमच्या आधी पोचली होती. बघायला माणसं आली. बापूराव टोपलीभर लिंबं घेऊन आले.

"कुठं कापलं, साहेब?"

"कापलं नाही."

"मग टाकं?"

"टाके नाहीत."

बापूरावांनी पायाकडे वरून खाली पाहिलं. "मग इलाज काय केला म्हनायचा?"

"सुई घातली. आतून."

"कुठनं?"

साहेबांनी टोपलीतलं एक लिंबू उचलून चोळायला घेतलं. वहिनी आत निघून गेल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. जांघेतला टिपका एवढ्या माणसांत दाखवायचा कसा? दाखवला असता तरी तो आता डास चावल्याएवढाही उरला नव्हता. मंडळी चहा पिऊन उठली. फाटकापाशी कुणीतरी म्हणालं, "ह्या:! काय ऑपरेशन बिपरेशन झालं न्हाई. पुन्याला कुना मंत्र्याला भेटून आला आसंल."

भिंगारदिवे पुन्हा कामावर गेले आणि पूर्वीसारखे चालायला लागले. न थांबता. भरावावरून हॅट हलवत सरळ. मला वाटलं, आता तरी लोक सुखी होतील. तर उलटंच. "आता साहेब बघतसुदिक न्हाईत, म्हंजी आमच्या केसी वर हापिसात गेल्या का काय?" असं बापूराव मला खोदून खोदून विचारायला लागले. बैल गेलेला माणूस भरावाशी येऊन उभा राहायचा आणि साहेब पुढं निघून गेले की हिरमुसून परत जायचा. एकदा एका म्हातारीनं त्यांना वाटेत अडवलंच. "लेकरा, माझ्या नातीला दिवस गेलं, त्ये सांगायचं ऱ्हायलं हुतं." साहेबांनी थांबून ऐकलं. पण थांबायचं कसं तेच विसरल्यासारखे उभे होते; हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. बिडीही नव्हती. शेवटी कुंपणाचं लिंबाचं पान तोडून चुरगाळत राहिले. पुढं चालताना मला म्हणाले, "ही मला का सांगते?" मी म्हटलं, "तुम्हीच सवय लावलीत." ते म्हणाले, "मी?"

दरम्यान कुणीतरी लाचेची तक्रार केली आणि वरून चौकशी लागली. डेप्युटी साहेब खात्याच्या बंगल्यावर येऊन बसले. ज्या ज्या रानावर भिंगारदिवे थांबत, त्या सगळ्यांना बोलावणं. मला वाटलं, आता यांची धडगत नाही. पहिले आत गेले बापूराव.

"तुमच्याकडं यांनी काही मागितलं?"

"न्हाई बा."

"मग तुमच्या बागेवर का थांबायचे?"

बापूराव अडकले. खरं सांगावं तर पाईप निघतो. "बाग बघायचे. आवड हाय त्यास्नी बागंची."

दुसरा म्हणाला, मीच बोलवायचो. तिसरा म्हणाला, ते थांबतच नव्हते, कोण म्हणतं थांबायचे? ज्यानं आपल्या तोंडानं तक्रार केली होती, तो तर आलाच नाही; लेकीच्या सासरी निघून गेला. डेप्युटी साहेबांना काही उमजेना. त्यांनी भिंगारदिव्यांना आत घेतलं. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी पायाचं सांगितलं.

"म्हणजे पाय दुखायचा म्हणून थांबायचात?"

"हो."

"आणि आता ऑपरेशन झालंय?"

"हो."

"खूण?"

"आहे. दाखवणार नाही." साहेबांची मान ताठ.

मला राहवलं नाही. मी दारातून म्हणालो, "साहेब, मी पाय हातात धरून पाहिलाय. गार होता. आता गरम आहे."

डेप्युटी साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पठारे, एक पाय आधी गार होता आणि आता गरम आहे, हे मी चौकशीत कसं लिहू?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. ते काय लिहून गेले, ते आम्हाला कळलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला भिंगारदिव्यांची बदली भंडारदऱ्याला झाली. शिक्षा म्हणावी, तर दिमतीला जीप आणि क्वार्टरही मोठं. बक्षीस म्हणावं, तर जिल्ह्याचं दुसरं टोक, डोंगरात, ओळखीचं कुत्रं नाही. मी त्यांना विचारलं, "हे चांगलं झालं की वाईट?"

"बघू," ते म्हणाले.

निघताना स्टँडवर पुष्कळ माणसं आली होती. बापूराव सगळ्यांच्या पुढं होते आणि डोळे पुसत होते. हेच बापूराव पाठीमागे काय काय बोलत, ते मी ऐकलेलं होतं. ते डोळे खोटे नव्हते, हेही मी पाहिलं.

त्यानंतर एकदाच भेट झाली. पुढच्या वर्षी मी बायको-मुलांना घेऊन धरण बघायला गेलो होतो. अकोले गावापर्यंत एस.टी., पुढं भाड्याची जीप. क्वार्टर चढावर, खाली भाताची खाचरं, सगळीकडे पाणीच पाणी. आमच्या डोळ्यांना ते खरंच वाटेना. वहिनींनी मुलांना जवळ घेतलं. साहेब जरा भरले होते. बिडी सुटली होती ती सुटलीच. पाय बरा आहे का, विचारलं तर म्हणाले, "परवा डॉक्टरला दाखवून आलो. नाडी आहे म्हणाला. जरा बारीक झालीय म्हणाला. जास्त चाला म्हणाला."

"म्हणजे बरं की..."

"तेच तर." हॅट सारखी करत म्हणाले, "बस तू. दूध आणतो, तुझी वहिनी चहा ठेवील." आणि खालच्या पाड्याकडे तांब्या घेऊन निघून गेले.

ते परत यायच्या आत जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. धुकं उतरतंय, वाट दिसणार नाही, आत्ता निघा नाहीतर राहा इथंच, असा त्याचा धोशा. मुलं पेंगुळलेली. वहिनी म्हणत होत्या, "भावजी, एवढ्यात येतील हो ते." पण जीपवाला ऐकेना. आम्ही बसलो.

पहिल्या वळणावर मी मागं पाहिलं. खाली खाचरांच्या बांधावरून साहेब झपाझप वर येत होते. अंगावर पावसाचं इरलं, हातात दुधाचा तांब्या. त्यांनी जीप पाहिली आणि तांब्या उंच धरून हलवला. थोडं दूध बाहेर सांडलेलं मला दिसलं. तोंडानंही काहीतरी ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

थांबा म्हणत होते, की पुन्हा या म्हणत होते?

"बाबा, काका काय म्हणतात?" धाकटीनं विचारलं. मी काही सांगायच्या आत जीप वळली आणि मध्ये डोंगर आला.